मराठी शोधात प्रत्यय काढून शब्दमूळ धरणे कितपत उपयोगी आहे?

प्रश्न | वाचनालय, रावेर

नमस्कार. रावेर तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचे काम मी पाहतो. आमच्याकडे शेतीविषयक नियतकालिके, स्थानिक साप्ताहिके आणि कात्रणे यांचा जुना संग्रह आहे. गेल्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत गावातील मुलामुलींनी बसून प्रत्येक लेखाचे शीर्षक आणि पहिले दोन-तीन परिच्छेद संगणकावर टंकून काढले. ही सारी नोंद पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये आहे आणि वाचक स्वतः शब्द टाकून शोध घेऊ शकतील अशी सोय केलेली आहे.

अडचण अशी आहे की नोंद असूनही ती सापडत नाही. मागच्या पावसाळ्यात एक केळी बागायतदार काका आले. पिवळ्या-तपकिरी रेषा पडलेल्या केळीच्या पानाचा तुकडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. त्यांनी स्वतःच ‘करपा’ असा शब्द टाकला आणि पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ असे आले. तो लेख आमच्याकडे आहे याची मला खात्री होती, म्हणून मी कपाट उघडून कात्रणांची फाइल काढली. लेख होता. त्यात ‘करप्याचे’, ‘करप्यामुळे’, ‘करप्याला’ असे शब्द अनेकदा आलेले होते, परंतु नुसता ‘करपा’ एकदाही आलेला नव्हता. काका काही बोलले नाहीत, कात्रण घेऊन बाकावर वाचत बसले. मात्र मी जागेवर नसताना येणाऱ्या वाचकाला संगणक असाच रिकाम्या हाताने परत पाठवत असणार, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

यावर वाचन करताना स्टेमिंग हा उपाय समजला, म्हणजे शब्दाचे प्रत्यय काढून उरलेल्या मुळावर शोध घेणे. पोस्टग्रेसच्या तयार यादीत हिंदी, नेपाळी आणि तामिळ आहे, मराठी नाही. दोन्हींची लिपी एक म्हणून हिंदीची व्यवस्था लावून पाहिली, पण ‘कापसाचा’ या शब्दाचा शेवटचा काना गेला आणि ‘कापसाच’ उरले, त्यामुळे उपयोग झाला नाही. त्यानंतर शब्दाच्या सुरुवातीचा भाग जुळला तरी नोंद दाखवावी असे करून पाहिले. तेव्हा ‘केळ’ टाकल्यावर केळीबरोबर केळकर आडनावाचे लेखक आणि लग्नाआधीचे केळवणही आले, आणि ‘कापूस’ टाकल्यावर ‘कापसाचे भाव’ आले नाहीत ते नाहीतच.

माझे प्रश्न असे आहेत. स्टेमिंग ही मुळात इंग्रजीसाठी निघालेली युक्ती आहे; ती मराठीत खरोखर उपयोगी पडते का? पडत असेल तर प्रत्यय किती काढावेत, कुठे थांबावे? आणि शोध सुधारला की बिघडला हे आमच्यासारख्या लहान वाचनालयाने कशावरून ठरवावे?


उत्तर | तापीकाठ, जळगाव

सर, मी बरीच वर्षे मजकूर-शोधाचेच काम करतो, त्यामुळे आपला प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. माझे मत आधीच सांगतो: इंग्रजीत स्टेमिंग केले तर बरे, मराठीत ते केल्यावाचून शोध उभाच राहत नाही.

इंग्रजीसाठी अशी पहिली छापील पद्धत ज्युली बेथ लोव्हिन्स यांनी १९६८ साली मांडली आणि मार्टिन पोर्टर यांची पद्धत १९८० साली आली. आजही अनेक ठिकाणी पोर्टर यांचीच वापरतात. तरीसुद्धा १९९१ साली डॉना हार्मन यांनी इंग्रजीवर तपासणी केली तेव्हा प्रत्यय काढल्याने सातत्याने फायदा होतो असे दिसले नाही. काही शोध सुधारले, तेवढेच काही बिघडले. इंग्रजी नामाला रूपे किती, तर एकवचन, अनेकवचन आणि मालकीचे एक. त्यामुळे काढायलाच फारसे काही नसते.

आता मराठीचे पाहा. ‘शेतकरी’ या एका नामाची शेतकऱ्याला, शेतकऱ्याने, शेतकऱ्याचा, शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांसाठी, शेतकऱ्यांमुळे, शेतकऱ्यांपर्यंत, शेतकऱ्यांच्याच, शेतकऱ्यांनीसुद्धा अशी रूपे मोजत बसलो तर पान पुरणार नाही. हिंदीत ‘को’, ‘का’, ‘में’ सुटे लिहितात, म्हणून नाम बहुतेक वेळा मोकळे राहते. आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहितो आणि त्यावर पुन्हा ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ चढवतो. संगणकाच्या दृष्टीने यांतला प्रत्येक शब्द निराळा असतो. हिंदीची व्यवस्था आपल्याकडे चालली नाही याचे कारण हेच: तिला ‘चा’ हा प्रत्यय शब्दाला चिकटून येतो हे ठाऊकच नाही.

यावर मोजमाप झालेले आहे. स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल विद्यापीठातील डोलामिच आणि सावॉय या संशोधकांनी २०१० साली हिंदी, मराठी आणि बंगाली या तीन भाषांची तुलना प्रसिद्ध केली. भारतीय भाषांच्या शोध-चाचणीसाठी ‘फायर’ या उपक्रमाने २००८ साली जो मजकूर आणि जे प्रश्न तयार केले होते, तेच त्यांनी वापरले. प्रत्यय अजिबात न काढता घेतलेल्या शोधाच्या तुलनेत, प्रत्यय खोलवर काढल्यावर शोधाच्या गुणवत्तेत हिंदीत सुमारे २८ टक्के, बंगालीत सुमारे १८ टक्के आणि मराठीत सुमारे ४२ टक्के सुधारणा झाली. तिघींत मराठीचा फायदा सर्वांत मोठा होता आणि तो का, हे आपल्या ‘करप्याचे’वरूनच कळते.

मात्र एक सावधगिरी. शेवटी प्रत्ययासारखे काही दिसले की कापले, असे केले तर आपल्या भागातील शेतीचे शब्दच आधी मरतात. मी सुरुवातीला हीच चूक केली होती. ‘त’ काढायचा म्हटल्यावर ‘शेत’चे ‘शे’ झाले आणि ‘खत’चे ‘ख’. ‘स’ काढल्यावर ‘कापूस’चे ‘कापू’ झाले आणि ‘ऊस’चा ‘ऊ’. ‘शी’ने ‘कपाशी’ची ‘कपा’ केली, ‘वर’ने ‘जनावर’चे ‘जना’ केले आणि आपण शेताला ज्याला ‘वावर’ म्हणतो त्याचे ‘वा’ उरले. ‘कडे’ काढणाऱ्या नियमाने ‘लाकडे’ आणि ‘आकडे’ यांची वाट लावली आणि ‘पासून’ काढणाऱ्याने ‘तपासून’चा नुसता ‘त’ ठेवला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. उरलेले मूळ हा खरा शब्द असलाच पाहिजे असे नाही. ते फक्त आत, इंडेक्समध्ये म्हणजे संगणकाच्या शोध-सूचीत राहते, वाचकाला कधी दिसत नाही. ‘कापूस’चे ‘कापू’ झाले हा दोष नाही. ‘कापूस’चे ‘कापू’ आणि ‘कापसाचा’चे ‘कापस’ झाले आणि दोघांची गाठ पडली नाही, हा दोष आहे. तेव्हा नियम लिहिताना दोनच गोष्टी पाहायच्या: एकाच शब्दाची रूपे एकत्र येतात का, आणि निराळे शब्द निराळे राहतात का.

मी जे करतो ते असे. बाहेरून आत जायचे: आधी ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, मग ‘साठी’, ‘मुळे’, ‘पर्यंत’ यांसारखी शब्दयोगी अव्यये, मग विभक्ती, आणि शेवटी सामान्यरूपाचा ‘आ’ किंवा ‘या’. प्रत्येक पायरीला मागे किमान दोन अक्षरे उरली पाहिजेत ही अट, आणि एक-अक्षरी प्रत्यय काढण्यापूर्वी मूळ शब्द आपल्या शब्दयादीत जसाच्या तसा आहे का ते पाहायचे. असेल तर हात लावायचा नाही. ‘शेत’, ‘खत’, ‘ऊस’, ‘वावर’ एवढ्यानेच वाचतात. शिवाय मूळ शब्दाची सूची काढून टाकू नये. ती आणि शब्दमुळाची सूची शेजारी-शेजारी ठेवावी, आणि वाचकाने टाकलेले रूप जसेच्या तसे ज्या नोंदीत आहे ती नोंद वर दाखवावी. स्टेमिंग चुकले तरी मग त्याची चूक खालच्या ओळींत राहते.


उत्तर | मराठीची शिक्षिका, धुळे

वरील उत्तर उत्तम आहे. व्याकरणाच्या बाजूने काही भर घालते, कारण प्रत्यय काढणे हा या कामातील सोपा भाग आहे आणि खरी परीक्षा सामान्यरूपापाशी होते.

प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात जो बदल होतो तो नेहमी शेवटच्या अक्षरापुरता नसतो. ‘कापूस’मधला दीर्घ ऊ ‘कापसाला’मध्ये नाहीसा होतो, तसाच ‘उंदीर’चा ई ‘उंदराने’मध्ये. ‘विहीर’चा ई जात नाही, ऱ्हस्व होऊन ‘विहिरीत’ असा राहतो. ‘पाऊस’चे ‘पावसात’ होते, म्हणजे ऊच्या जागी व येतो, आणि ‘देऊळ’चे ‘देवळात’ होते. पण ‘शरीर’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असल्यामुळे ‘शरीरात’ असाच राहतो. तेथे ‘उंदीर’चा नियम लावला तर ‘शररात’ होईल. एखादा शब्द कोणत्या गटातला हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. म्हणून माझे म्हणणे असे की या गटातील शब्दांना नियम लिहिण्याऐवजी सरळ यादी करावी. एका वाचनालयाच्या शेतीविषयक संग्रहात असे शब्द काही शेकड्यांच्या आत बसतील आणि दोन-तीन रविवारांत ती यादी हाताने होईल. मी माझ्या दहावीच्या विद्यार्थ्यांकडून अशी यादी करून घेतली आहे आणि सामान्यरूपाचा पाठ त्यांना त्यानंतर कधी पुन्हा शिकवावा लागला नाही.

दुसरी गोष्ट, जिथे रूपे खरोखरच एक होतात तिथे कितीही चांगली पद्धत असली तरी गोंधळ राहील. आपल्या खान्देशातलेच उदाहरण देते. ‘भरीत’चे सामान्यरूप ‘भरता’ होते, म्हणून आपण ‘भरताची वांगी’ म्हणतो. रामाचा भाऊ ‘भरत’ याचेही सामान्यरूप ‘भरता’च आहे. ‘भरताची’ या रूपावरून वांगी अभिप्रेत आहेत की पादुका, हे शब्दाकडे पाहून कोणालाच सांगता येणार नाही. शेजारचा शब्दच ते सांगेल. तसेच राजवाड्यांचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली आमच्या धुळ्यात वारले, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे आहे, आणि मराठीचे धातू शोधून त्यांचा कोशही त्यांनी रचला. त्यांच्याविषयीचे लेख शोधावेत तर ‘राजवाड्यांनी’ आणि ‘राजवाड्यांतील’ यांचे मूळ एकच ठरते आणि संस्थानिकांचे राजवाडे समोर येतात. ‘साने’ हे आडनाव तर ‘ने’ प्रत्ययाच्या नियमात सापडून ‘सा’ होते. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींवरील लेख आपल्या संग्रहात असणारच. म्हणून व्यक्तिनामे आणि गावांची नावे यांची वेगळी यादी ठेवावी आणि त्या यादीतील शब्दांचे प्रत्यय काढताना पूर्ण नाव मिळाले की तिथेच थांबावे.

गावांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. आपण ‘गावाला’ म्हणतो, पण ‘जळगावला’ म्हणतो, ‘भुसावळला’ आणि ‘अमळनेरला’ म्हणतो. तेथे सामान्यरूप होत नाही. मात्र आकारान्त किंवा एकारान्त नावांचे होते: चोपड्याला, पाचोऱ्याहून, शहाद्यात, धुळ्यात. आणि ‘धुळे’चे ‘धुळ्यात’ व ‘धूळ’चे ‘धुळीत’ ही रूपे फक्त या-ई एवढ्याच फरकाने वेगळी आहेत, म्हणून प्रत्यय फार खोल कापला तर आमचे गाव धुळीला मिळते, हे मी अगदी कळकळीने सांगते.

तिसरी गोष्ट जुन्या छपाईची. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ सालचे आणि त्यांत चार नियमांची भर १९७२ सालची. त्यापूर्वीच्या अंकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘शेतांत’, ‘घरीं’ असे अनुस्वार असतात. आजच्या वाचकाला ‘शेतांत’ म्हणजे अनेक शेतांमध्ये, पण १९३५ सालच्या अंकात तो एकाच शेताविषयीचा शब्द असू शकतो. शोधापुरते सामान्यरूपावरील अनुस्वार एकवचन-अनेकवचन न पाहता काढून टाकणे मला योग्य वाटते. अर्थाचे नुकसान होत नाही, कारण लेख वाचायला मूळ पान आहेच.


उत्तर | गिरणाकाठ, चाळीसगाव

एवढा खटाटोप करण्याऐवजी प्रत्येक शब्दाची पहिली चार चिन्हे तेवढी ठेवावीत असे मी सुचवेन. वर उल्लेख झालेल्या २०१० सालच्या अभ्यासातच हीसुद्धा पद्धत तपासली होती आणि ती खोलवर प्रत्यय काढण्याच्या पद्धतीच्या जवळपास बरोबरीने उतरली होती. व्याकरण नको, यादी नको, दहा मिनिटांत काम होते. लहान वाचनालयाला हेच परवडण्यासारखे आहे.


उत्तर | तापीकाठ, जळगाव

ती पद्धत त्या चाचणीत चांगली उतरली हे खरे आहे, आणि जिथे मनुष्यबळ अजिबात नाही तिथे मीही ती सुचवीन. पण तो मजकूर वर्तमानपत्रातील बातम्यांचा होता. रावेरच्या वाचकाचे शब्द घेऊन पाहू. काना-मात्रा, वेलांटी आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) ही संगणकासाठी स्वतंत्र चिन्हे आहेत हे लक्षात ठेवा. ‘कापूस’ची पहिली चार चिन्हे ‘कापू’ आणि ‘कापसाचे’ची ‘कापस’. ‘पाऊस’ची ‘पाऊस’ आणि ‘पावसाने’ची ‘पावस’. ‘केळीच्या’ची ‘केळी’ आणि ‘केळ्यांच्या’ची हलन्तासह ‘केळ्’. ‘पाणी’ आणि ‘पाण्याचे’ यांचीही गाठ पडत नाही. उलट ‘शेतकरी’ आणि ‘शेतकी’ यांची पडते. म्हणजे कापूस, पाऊस, पाणी आणि केळी हेच चार शब्द हुकतात, आणि आपल्या दोन जिल्ह्यांतला शेतकरी वाचनालयात येऊन आणखी कशाविषयी विचारणार?


प्रश्नकर्ता | वाचनालय, रावेर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत काय केले ते सांगतो.

ताईंनी सुचवल्याप्रमाणे हाताने यादी केली. कापूस, पाऊस, ऊस, विहीर, उंदीर, करपा, मूग, हळद असे आमच्या नोंदींत येणारे शब्द घेतले आणि प्रत्येकापुढे त्याचे सामान्यरूप लिहिले. गावांची आणि लेखकांची नावे वेगळ्या वहीत घेतली. मग तापीकाठ यांनी सांगितलेल्या क्रमाने प्रत्यय काढण्याचे नियम गावातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लिहून दिले.

पहिल्याच दिवशी आमच्याकडून एक चूक झाली, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून नोंदवतो. नियम आम्ही फक्त शोधशब्दाला लावले, साठवलेल्या मजकुराची सूची जुनीच राहिली. ‘केळीच्या’ टाकले की त्याचे ‘केळी’ होई आणि सूचीत मात्र ‘केळीच्या’ तसेच पडलेले असे. पूर्वी सापडत होते तेसुद्धा दोन दिवस सापडेनासे झाले आणि मी दोष नियमांना देत होतो. दोन्ही बाजूंना तेच नियम लावून सूची संपूर्ण नव्याने बांधल्यावर मग ताळमेळ बसला. नियम बदलला की प्रत्येक वेळी हे करावे लागते, हे आता भिंतीवर लिहून ठेवले आहे.

शोध सुधारला का हे तपासण्यासाठी मी वाचकांनी तोंडी विचारलेल्या प्रश्नांची जुनी वही काढली. त्यातले चाळीस प्रश्न निवडले आणि प्रत्येकासाठी कोणती कात्रणे मिळायला हवीत हे संगणक न पाहता, फाइली चाळून आधी लिहून ठेवले. मग तेच शब्द जुन्या आणि नव्या अशा दोन्ही व्यवस्थांत टाकून पाहिले. ‘करपा’, ‘बोंडअळी’, ‘कापूस भाव’, ‘विहीर पुनर्भरण’ हे शोध निःसंशय सुधारले. ‘बोंडअळी’ला पूर्वी ‘बोंडअळ्यांचा प्रादुर्भाव’ मिळत नसे, तो आता मिळतो. फैजपूरच्या १९३६ सालच्या काँग्रेस अधिवेशनाविषयीची, खेड्यात भरलेल्या त्या पहिल्या अधिवेशनाची कात्रणे पूर्वी ‘फैजपूर’ टाकल्यावर अर्धीच येत, कारण बाकीच्यांत ‘फैजपूरला’ आणि ‘फैजपूरच्या’ होते. ती आता सर्व येतात.

मात्र ‘कापूस’ टाकल्यावर ‘कपाशीवरील मावा’ आणि ‘पऱ्हाटी’ असलेले लेख अजूनही येत नाहीत. हे स्टेमिंगने होईल का?


उत्तर | तापीकाठ, जळगाव

होणार नाही, आणि ते स्टेमिंगचे काम नव्हे. कापूस, कपाशी आणि पऱ्हाटी हे तीन स्वतंत्र शब्द आहेत. प्रत्यय काढून ते एक होत नाहीत आणि कृत्रिमपणे एक करू नयेत. त्यांच्यासाठी समानार्थी शब्दांची निराळी यादी ठेवा आणि ती फक्त शोधशब्दाच्या बाजूला लावा, म्हणजे यादी वाढली तरी सूची पुन्हा बांधावी लागणार नाही. आपण चाळीस प्रश्नांची वही केली हे फार मोलाचे काम झाले. ‘फायर’सारख्या चाचण्याही मुळात अशाच असतात: प्रश्न आधी, अपेक्षित उत्तरे आधी, आणि मग पद्धतींची तुलना. ती वही जपून ठेवा आणि नवा प्रत्येक नियम तिच्यातून पार करा.


उत्तर | साक्रीकर

संग्रहात अहिराणी मजकूर असेल तर एक सूचना. अहिराणीत ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो, ‘मध्ये’च्या जागी ‘मा’ आणि ‘चा-ची’च्या जागी ‘ना-नी’: गावले, वावरमा, खान्देशना. आपल्या भागातील लेवा गणबोलीतही ‘ले’ ऐकू येतो, म्हणून बहिणाबाई चौधरींच्या कवितेविषयीचे लेख असतील तर त्यांतील उद्धृतांनाही हेच लागू आहे. आमच्या बोलीचा एक फायदा असा की बहुतेक नामांचे सामान्यरूप होत नाही, ‘घरमा’तून ‘मा’ काढला की ‘घर’ शुद्ध हाती येते. ‘ना’ मराठीत ‘मुलांना’मधला असो की अहिराणीतला मालकीचा असो, संगणकाला त्याचा अर्थ लागत नाही, तो काढून टाकायचा एवढेच त्याला हवे असते.

परंतु हे नियम मराठी नोंदींना कृपया लावू नका. ‘मा’ काढला तर पीक-विम्यातील ‘विमा’ या शब्दाचा ‘वि’ होतो, आणि ‘ले’ काढला तर ‘मुले’, ‘फुले’ आणि ‘गेले’सारखी भूतकाळी क्रियापदे कापली जातात. नोंद करतानाच भाषा कोणती हा एक रकाना ठेवा, त्यानुसार सूची बांधा, आणि शोधशब्द मात्र दोन्ही नियमांनी चालवून दोन्हींचे निकाल एकत्र दाखवा. कारण वाचक कोणत्या भाषेत विचारतो आहे हे एका शब्दावरून कळत नाही. अहिराणीत लिहिलेले आधीच थोडे आहे. ते कपाटात असून शोधात सापडले नाही, तर नव्या पिढीच्या लेखी ते नाहीच असे होईल.


प्रश्नकर्ता | वाचनालय, रावेर

अहिराणीच्या सुमारे दोन फाइली आहेत, त्यांना भाषेचा रकाना आजच जोडला. एक शेवटची अडचण. ‘शेतकरी’ टाकल्यावर ‘शेतकऱ्यांना’ असलेल्या काही नोंदी येतात आणि काही येत नाहीत. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. यादी तपासली, नियम तपासले, सूचीही नव्याने बांधली.


उत्तर | तापीकाठ, जळगाव

हा स्टेमिंगचा दोष नाही, त्याच्या आधीचा आहे. ‘ऱ्य’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावलेला असतो, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह असते. टंकणाऱ्या मुलांपैकी काहींनी मोबाइलवर आणि काहींनी संगणकावर काम केले असेल तर दोन्ही प्रकार मिसळलेले असणार. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच दोन रूपे असतात, ती ‘ॲग्रो’सारख्या शब्दांत तपासा.

उपाय असा: प्रत्यय काढण्याच्या आधी, अगदी पहिल्या पायरीला, जिथे ‘र’, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह दिसेल तिथे ‘ऱ’ आणि हलन्त असे बदलून घ्या. अनेक जण अदृश्य चिन्ह नुसतेच पुसून टाकतात. तसे करू नका, कारण मग साधा रफार उरतो आणि ‘आचाऱ्यांना’ व ‘आचार्यांना’ एक होतात, म्हणजे भरीत करणारे आचारी शोधावेत तर विद्यापीठांचे आचार्य सापडतात. बदल मूळ नोंदीत केला तरी चालेल, पण शोधशब्दालाही तोच लावा आणि त्यानंतर सूची पुन्हा एकदा बांधा.